पुण्यात सूर्योदय की सूर्यास्त? पर्वती, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, सिंहगड, नक्की कुठे जायचं

पाहुणे आले की हा प्रश्न येतोच, आणि आपण पुणेकर म्हणजे लगेच "सिंहगडला जा ना" म्हणून मोकळे. माझं मत आधीच सांगतो, एकच दिवस असेल तर सकाळी पर्वती नाहीतर संध्याकाळी वेताळ टेकडी. सिंहगड अख्खा दिवस रिकामा असेल तरच. आता का ते सांगतो.

आधी वेळेचं बघू, कारण गडबड तिथेच होते. पुण्यात सगळ्यात लवकर सूर्य उगवतो तो जूनच्या सुरुवातीला, सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. आणि सगळ्यात उशिरा? सगळ्यांना वाटतं 21 डिसेंबर, पण नाही, जानेवारीत संक्रांतीनंतर, 7:10 च्या आसपास. म्हणजे ज्यांना पहाटे उठायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी जानेवारी बेस्ट, साडेसहाला घर सोडलं तरी चालतं. सूर्यास्ताचं पण तसंच, सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आगेमागे, सहाच्या थोडं आधीच, आणि जुलैच्या सुरुवातीला थेट सव्वासातपर्यंत ताणतो (पण तेव्हा पावसाळा, ढगात काय डोंबल दिसणार). घरच्या कॅलेंडरवर मुंबईच्या वेळा छापलेल्या असतील तर चारेक मिनिटं वजा करा.

पण या वेळा सपाट क्षितिजाच्या. पुण्याच्या पश्चिमेला सगळे डोंगरच, त्यामुळे सूर्य छापील वेळेच्या आधीच गायब होतो. मी यात सपशेल तोंडावर पडलोय. मामेभाऊ नागपूरहून आला होता, डिसेंबरात, मोबाईलवर सूर्यास्त 6:03 दाखवत होता म्हणून त्याला घेऊन बरोबर पावणेसहाला हनुमान टेकडीच्या पायथ्याशी, निवांत चढलो, वर जाऊन बघतो तर सूर्य वेताळ टेकडीच्या मागे गेलेला, नुसता केशरी उजेड उरलेला. वर तो म्हणतो, "अबे आमच्याकडे तर आतापर्यंत दिवे लागले असते, तरी तुमच्याकडे उशीर आहे!" खरंच आहे ते, डिसेंबरात नागपूरला सूर्य आपल्यापेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी मावळतो, घड्याळ मात्र दोघांचं एकच.

तर हनुमान टेकडी सूर्यास्ताला नको. फर्ग्युसन, गोखलेनगर, लॉ कॉलेज रोडकडे राहत असाल आणि लांब जायचं नसेल तर सकाळी जा, पूर्वेकडे शहर मोकळं दिसतं.

सूर्यास्ताला हनुमान टेकडीच्याच मागची वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच जागा हीच. पौड रोडच्या बाजूने एआरएआयच्या (गाड्यांवर संशोधन करणारी संस्था) रस्त्याने गेलं तर बरीच चढण गाडीवरच संपते, म्हणून आईबाबा बरोबर असतील तरी जमतं. वर बऱ्यापैकी सपाट चालायचं, वेताळाचं देऊळ, जुनी दगडाची खाण, आणि नशीब असेल तर मोर, दिसला नाही तरी ओरडणं ऐकू येतंच. मला इथलं सगळ्यात काय आवडतं तर सूर्य कुठे उतरतो ते महिन्यागणिक बदलताना दिसतं, डिसेंबरात चांदणी चौकाच्या अंगाला आणि एप्रिलच्या शेवटाला पाषाण तलावाच्या बाजूला. छापील वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी वर पोचा. आणि सूर्य गेला की रेंगाळू नका, आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो, वर दिवे नाहीत, एकटं तर अजिबात थांबू नका.

सकाळला पर्वतीच. शंभरावर तीन पायऱ्या, रुंद आणि दगडी, सावकाश चढलं तरी दहा-पंधरा मिनिटं. सहाच्या आधीच वर जाणारी-उतरणारी आजोबा मंडळी असतात, काही तर तेवढ्यात तीन फेऱ्या मारतात आणि आपण मधल्या टप्प्यावर धापा टाकत उभे. पूर्वेला स्वारगेट, कॅम्प, पार हडपसरपर्यंत मैदानच, मधे डोंगर नाही, म्हणून सूर्य खालपासून वर येताना दिसतो. हिवाळ्यात धुकं-धुराचा थर असतो, त्यामुळे वेळ झाली तरी काहीच दिसत नाही, मग पाचेक मिनिटांनी एकदम लालभडक गोळा, डोळ्यांनी बघता येईल असा. 1817 मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली होती, यावरून किती लांबवर दिसत असेल ते समजा (आता मधे इमारती आहेत तो भाग वेगळा).

सिंहगड दोन्ही वेळेला भारीच, 1300 मीटरच्या वर उंची, थंडीत सूर्य तोरण्याच्या उजव्या अंगाला उतरतो तेव्हा बघत राहावं असं. पण स्वारगेटपासून तीसेक किलोमीटर, घाट, रविवारची गाड्यांची रांग, आणि पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी म्हणाल तर तास-सव्वा तास चढ. सूर्योदय गाठायचा तर पहाटे चारला उठावं लागणार, लहान मुलं असतील तर सोडून द्या. रविवारी संध्याकाळी तर नकोच, खाली उतरताना खडकवासल्याच्या चौपाटीवर ट्रॅफिक इतका तुंबतो की भाजलेलं कणीस खाऊन दुसरं मागवेपर्यंत गाडी तिथेच. त्यापेक्षा मधल्या वारी जा, सूर्यास्त नाही गाठला तरी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही कुठे पळून जात नाही, फक्त दुपारीच खाऊन घ्या, संध्याकाळी मावश्या आवराआवर करत असतात.