जुन्या रोड सायकलचे झिजलेले गिअर बदलले : पावसाळ्यानंतरचा अनुभव

कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ ओलांडून हिंजवडीला जाण्यायेण्यासाठी मी ड्रॉप हँडलची एक जुनी सायकल वापरतो. तिला पुढे तीन आणि मागे नऊ चकत्या आहेत. फ्रेम स्टीलची असून आजही ठणठणीत आहे, त्यामुळे नवी सायकल घेण्याऐवजी उन्हाळ्यात तिचे गिअरचे झिजलेले भाग बदलून घेतले. आता पावसाळा उलटून गेला आहे आणि ठामपणे काही सांगता येईल इतका वापर झाला आहे.

तक्रार गिअर बदलायच्या उजव्या लिव्हरची होती. थंडीच्या सकाळी लिव्हर दाबले तरी ते नुसतेच पोकळ फिरे, आणि दुपारी ऊन लागले की तेच लिव्हर बऱ्यापैकी चाले. अशा लिव्हरच्या आत दातेरी चक्र आणि त्यात अडकणारा छोटा खटका असतो. वर्षानुवर्षांचे ग्रीस सुकून चिकट झाले की खटका दातात वेळेवर बसत नाही. स्प्रे मारून जुने ग्रीस धुऊन काढणे आणि पातळ तेल सोडणे हा पहिला उपाय, आणि तो करून पाहण्यासारखा आहेच. माझ्याकडे त्याने काही महिने निभावले. पुढे मात्र रोज वापरात असलेल्या मधल्या गिअरांवर खटका धरेनासा झाला, आणि चढावर ऐन जोर लावताना गिअर उडू लागला.

दहा किंवा अकरा गिअरचा पूर्ण संच बसवण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण त्यासाठी लिव्हर, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), चेन आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) असे सगळेच बदलावे लागते. शिमानो या जपानी कंपनीच्या नऊ गिअरच्या रचनेत मागच्या दोन चकत्यांमधले अंतर सुमारे ४.३४ मिलिमीटर असते. लिव्हर एका खटक्याला साधारण अडीच मिलिमीटर केबल ओढते आणि डिरेलर त्याच्या सुमारे १.७ पट सरकतो. हे गुणोत्तर जुळणारे लिव्हर घेतले की जुना डिरेलर तसाच चालतो. शिमानोच्याच टियाग्रा ४७०० या दहा गिअरच्या मालिकेचे गुणोत्तर वेगळे आहे, त्यामुळे केवळ नाव ओळखीचे म्हणून तो डिरेलर नऊच्या लिव्हरला जोडू नये.

मी तैवानी बनावटीची नऊ गिअरची लिव्हर घेतली. त्यांत ब्रेकचा दांडा आडवा हलत नाही. गिअरसाठी त्याच्यामागे दोन वेगळ्या पट्ट्या असतात. सिग्नलला ब्रेक दाबताना चुकून गिअर पडण्याचा प्रश्न त्यामुळे उरला नाही. जुन्या लिव्हरचे अंगठ्याने दाबायचे बटण हँडलच्या खालच्या वळणात हात असताना सापडत नसे. आता तिथूनही दोन्ही बाजूंना गिअर बदलता येतो, आणि चांदणी चौकाच्या उतारावर याचे मोल कळते. खटक्याचा आवाज मोठा आहे आणि पकड जरा जाड आहे, त्यामुळे लहान हातांच्या माणसाने आधी हातात धरून पाहावे.

मात्र पैशांच्या मानाने सर्वाधिक फरक केबल आणि तिच्या आउटरने, म्हणजे बाहेरच्या नळीने, पडला, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या चाकाशी आउटरचा जो शेवटचा वळसा असतो, तो कापून पाहिला तेव्हा आतून काळे पाणी निघाले आणि आउटरच्या तारांची टोके टोपीतून बाहेर घुसलेली दिसली. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये गुंडाळलेल्या. म्हणून ब्रेकचे आउटर गिअरला लावले तर ते दाबाखाली आखडते आणि गिअर कधीच नेमका बसत नाही. दुकानात हे तुकडे समोर ठेवून पाहून घ्यावेत. लिव्हर अजून नीट खटकत असेल तर आधी केबल आणि आउटरच बदला. पुष्कळदा काम तेवढ्यावरच भागते.

चेन मोजायला साधी स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंचांत बसतात. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) वाढ दिसली की चेन बदलावी, एक सूत झाली तर बहुधा कॅसेटही गेलेली असते. माझी दोन्ही बदलावी लागली. डिरेलरच्या छोट्या चाकांपैकी वरचे चाक किंचित डावे-उजवे हलते ते मुद्दामच तसे केलेले असते, म्हणून त्याच्या हलण्यावरून नव्हे तर दाते टोकदार झालेत का यावरून झीज ठरवावी. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगरही कारागिराकडून मापाने सरळ करून घेतला. पार्किंगमध्ये शेजारची सायकल अंगावर पडली तरी तो वाकतो, आणि मग नवे भागही बेसूर चालतात.

नवी केबल बसल्यावर सुरुवातीला डिरेलरचा ताणाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवावा लागला. त्यानंतर पावसाळाभर चिखल-पाण्यातही गिअर पहिल्या दाबात पडत आहेत. पुढचा डिरेलर जुनाच ठेवला आहे. त्याच्या आतल्या पत्र्याला चेनने खाच पाडली आहे, आणि मधल्या चकतीवरून मोठ्या चकतीवर जाताना पट्टी अगदी शेवटपर्यंत दाबावी लागते. आता तो आणि मधली चकती एकदमच बदलणार आहे.