गार्मिन वेरिया आरटीएल ५१५ : रेसिंगचा एक अख्खा हंगाम वापरल्यानंतर

महामार्गावर किंवा घाटात एकट्याने सराव करणाऱ्या सायकलस्वाराने मागचा रडारवाला दिवा घ्यावा, असं माझं मत आता पक्कं झालंय. फक्त शहरात किंवा कायम ग्रुपमध्येच चालवत असाल तर पैसे वाचवा. सविस्तर लिहिते, कारण या वस्तूबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांवरचं असतं. तिथे उलट दिशेने येणारी दुचाकी नसते, वडापची जीप नसते आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तर नसतोच.

मी पुण्यात नोकरी करते आणि पावसाळा संपला की मार्चपर्यंत रेसिंग करते. या हंगामात सिंहगडाच्या चढाची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत), बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) आणि डेक्कन क्लिफहँगरमधला चौघांचा रिले असं सगळं झालं. बीआरएम ही शर्यत नाही, पण ३०० किलोमीटर २० तासांच्या आत संपवायचे असतात. क्लिफहँगर मात्र शर्यतच, पुणे ते गोवा, साधारण ६४० किलोमीटर. खरं सांगायचं तर हौशी रेसरचे स्पर्धेतले तास मोजकेच असतात. बाकी सगळा वेळ जातो सरावात, आणि तो सराव रोजच्या रहदारीत, सातारा रस्त्यावर, मुळशीकडे, बोपदेव घाटात होतो. दिव्याची खरी परीक्षा तिथेच झाली.

वस्तू साधी आहे. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांडीवर बसणारा लाल दिवा, वजन ७१ ग्रॅम, त्याच्या पोटात रडार. मागून १४० मीटरच्या आत गाडी आली की हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरवर बीप होतं आणि स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर एक ठिपका खालून वर सरकायला लागतो. गाडी नेहमीच्या वेगाने येत असेल तर पट्टी पिवळी, फार वेगाने येत असेल तर लाल, कोणी नसेल तर हिरवी. शिवाय गाडी जवळ येताना दिव्याचं लुकलुकणं बदलतं, म्हणजे मागच्याचंही लक्ष वेधलं जातं. कॉम्प्युटर नसेल तर फोनवरही चालतो.

१४० मीटर म्हणजे नेमकं काय, ते सेकंदांत समजून घ्या. मी सपाटीला ताशी ३० ने जातेय आणि ट्रक ७० ने येतोय. आमच्या वेगांतला फरक ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. हातात १२ सेकंद मिळतात. बोपदेवच्या चढावर माझा वेग ९ आणि कारचा ४५ असेल तर १४ सेकंद. पुढचा खड्डा उजवीकडून टाळायचा की डावीकडून, बाटलीला आत्ता हात घालायचा की नंतर, साइडपट्टीवरची खडी चुकवायला आत यायचं की थांबायचं, हे सगळं ठरवायला एवढा वेळ पुरतो. डोकं खाली घालून वीस मिनिटांचा जोर लावताना वारा कानात भरलेला असतो, इंजिनचा आवाज अगदी शेजारी येईपर्यंत कळत नाही. तेव्हा हे १२ सेकंद मला फार मोलाचे वाटतात.

पण मला सगळ्यात जास्त जे मिळालं त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. रडारमुळे हॉर्नचा अर्थ कळायला लागला.

आपल्याकडे प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते आणि सायकलवर असताना प्रत्येक हॉर्न अंगावर आल्यासारखा वाटतो. आता हॉर्न वाजला की मी ठिपका कुठे आहे ते बघते. ठिपका अजून तळाशी असताना वाजलेला हॉर्न म्हणजे 'मी येतोय' अशी सूचना. असे हॉर्न देणारे बहुतेक ट्रकवाले असतात. उंच केबिनमधून त्यांना मी लांबून दिसते, ते एकदाच वाजवतात आणि अख्खी लेन सोडून जातात. महामार्गावरच्या मालट्रकांबद्दल जेवढी भीती घातली जाते तेवढा वाईट अनुभव मला लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांकडून आलेला नाही. ठिपका वर पोचल्यावर, दहा मीटरवरून दाबून धरलेला हॉर्न मात्र सूचना नसते. ती धमकी असते. तो माणूस शंभर मीटरपासून मला बघत आलेला असतो आणि त्याने मुद्दाम थांबून, जवळ येऊन वाजवलेला असतो. पूर्वी यात 'कदाचित त्याला दिसलं नसेल' अशी जागा होती. आता ती राहिली नाही.

असं वागणारे कोण, तर माझ्या अनुभवात शनिवार-रविवारी पानशेत-मुळशीकडे निघालेल्या मोठ्या कार, आणि रिकामे डंपर. डंपर खेपांच्या घाईत असतो, ते निदान समजू शकतं. कारमधली माणसं सहलीला निघालेली असतात. काच खाली करून 'रस्ता बापाचा आहे का' असं ओरडणं, अगदी घासून पुढे जाऊन ब्रेक मारणं, दुचाकीवर मागे बसलेल्याने पाठीवर थाप मारून पळणं, हे सगळं या हंगामात झालं. बाईमाणूस सायकलवर असली की त्यात आणखी चार शब्दांची भर पडते. ज्यांना हे विनोदी वाटतं त्यांनी ताशी ४० ने उतारावर असताना कोणी खांद्याला हात लावला तर काय होईल, याचा विचार करावा. हा खेळ नाही. माणूस मरतो यात.

दुसरी बाजूही रडारनेच दाखवली. कितीतरी वेळा ठिपका वर येतो, माझ्या मागे काही अंतरावर हळू होतो आणि तिथेच राहतो. समोरून गाडी येतेय म्हणून मागचा ड्रायव्हर गप्प थांबलेला असतो. हॉर्न नाही, अप्पर-डिपर नाही. असे ड्रायव्हर पूर्वीही असणार, पण मला ते कधी कळलेच नव्हते, कारण त्यांचा आवाजच होत नाही. एसटीचे कितीतरी चालक यात येतात. आता मी जागा झाली की हात करून त्यांना पुढे बोलावते आणि जाताना हात उंचावते. रस्त्यावरच्या माणसांबद्दलचं माझं मत या वस्तूमुळे बरंच सुधारलं. मूठभर लोकांबद्दलचं तेवढंच बिघडलं.

आता याच्या मर्यादा. रडार वेळ देतं, अंतर देत नाही. गाडी दीड मीटर सोडून जाणार की कोपराला घासून, हे त्याला कळत नाही. ते माझ्या जागेवर ठरतं. साइडपट्टीच्या टोकाला चिकटून चाललं की मागच्याला वाटतं लेन रिकामी आहे, आणि तो त्याच लेनमधून घुसतो. म्हणून मी पांढऱ्या पट्टीच्या पुरेशी आत चालवते. मागून येणाऱ्याला ओव्हरटेक करायला लेन बदलावी लागली पाहिजे. जागा असेल आणि ठिपका जवळ असेल तेव्हा मी डावीकडे सरकते. रडारमुळे हे सरकणं भीतीपोटी होत नाही, वेळ बघून होतं. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडावं लागतं, जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये बेकायदा ओव्हरटेक हे धोकादायक वाहन चालवणं ठरतं, पहिल्यांदा सापडल्यास १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. पण सायकलपासून किती अंतर ठेवायचं याचा आकडा त्या कलमात नाही. तो यायला हवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि आम्ही ती पाळतो. जुन्या महामार्गावर आम्हाला हक्क आहे आणि तो मोटारवाल्यांनी पाळावा, एवढंच मागणं आहे.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. रडार वेगातला फरक ओळखतं. तो मघाशी सांगितलेला सज्जन ड्रायव्हर माझ्याच वेगाने मागे चालू लागला की ठिपका काही वेळाने नाहीसा होऊ शकतो आणि पट्टी हिरवी दिसते. हिरवी पट्टी म्हणजे रस्ता मोकळा असं कधीही धरू नका. उजवीकडे वळण्याआधी मान वळवून बघायचंच. घाटातल्या वळणांवर गाडी कड्याआडून बाहेर आल्यावरच रडारला दिसते, तिथे १२ चे चार सेकंद होतात. वडापची जीप पुढे निघून गेली की पट्टी हिरवी होते आणि तेवढ्यात ती प्रवासी घ्यायला डावीकडे कट मारते. उलट दिशेने येणारी दुचाकी आणि अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली हे धोके समोरचे, त्यात याचा काही उपयोग नाही. आपला रेसिंगचा हंगाम आणि कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी येतात. रात्रीच्या सरावाला पुढचा दिवा चांगला हवा, त्यात काटकसर करू नका.

शहरात तर सतत बीप. कोथरूड ते कर्वे रस्ता एवढ्यात कान किटतात, मी तिथे आवाज बंद ठेवते.

स्पर्धेत कुठे लावला? सिंहगडाला लावला, कारण तिथे प्रत्येक जण एकटा चढतो आणि आमच्या बहुतेक हौशी स्पर्धांत रस्ता पूर्ण बंद नसतो. घोळक्याच्या शर्यतीत काढून ठेवते. मागचा सायकलस्वारही रडारला गाडीच वाटतो आणि झगझगणारा दिवा त्याच्या डोळ्यांना त्रास देतो. ग्रुप राइडसाठी मंद उजेडाचा वेगळा मोड आहे, तो वापरायची सवय लावून घ्या. रिलेत रात्री मागे सपोर्ट गाडी असताना रडार जवळजवळ निकामी, कारण तिच्यापलीकडचं त्याला दिसत नाही. तिथे गाडीतल्या माणसाची नजर आणि वॉकी-टॉकी हेच खरं.

बॅटरी दिवसाच्या फ्लॅश मोडवर १६ तास, रात्रीच्या मोडवर ६. डिसेंबरात संध्याकाळी सहाला अंधार पडतो आणि उजेड सातला होतो, म्हणजे रात्रभर चालवायचं तर हा एक दिवा पुरणार नाही. बीआरएमला मी दुसरा साधा लाल दिवा हेल्मेटवर लावते आणि पॉवर बँक सोबत ठेवते. चार्जिंग जुन्या मायक्रो यूएसबीचं आहे, तेव्हा ती केबल विसरू नका. पावसाची काळजी नको, पाण्यापासून संरक्षणाचा आयपीएक्स ७ दर्जा आहे.

गार्मिनचंच कॅमेरावालं आरसीटी ७१५ घ्यावं का, असं दोन मैत्रिणींनी विचारलं. त्यात मागचं चित्रण होतं आणि गाडीचा नंबर हातात राहतो. किंमत बरीच जास्त आहे आणि बॅटरी कमी टिकते. तुम्ही रोज कामावर सायकलने जात असाल आणि तेच तेच लोक त्रास देत असतील तर ते घ्या, तक्रारीला पुरावा लागतोच. लांब पल्ल्यासाठी ५१५ बरा. आणि बजेट अगदीच नसेल तर हँडलच्या टोकाला बसणारा छोटा आरसा घ्या. तो बीप करत नाही, पण मागे थांबलेला सज्जन त्यात दिसतो.