पत्र्यांची लेन्स की एचडीपीईची?

१०.५२५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह मॉड्यूलपुढे (लहरी सोडणाऱ्या छोट्या उपकरणापुढे) शलाका अरुंद करायला १५० मिमी व्यासाची लेन्स लावायची, तर दोन्ही प्रकार सोलापुरात करून घेता येतात: समांतर धातूच्या पत्र्यांची, किंवा एचडीपीई या घन पॉलिथिन प्लास्टिकची. तरंगलांबी २८.५ मिमी, म्हणजे शलाकेची रुंदी दोन्हींत १३ अंशांच्या आसपासच. खरा फरक तरंगलांबी गणितात कुठे शिरते, याचा.

अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांच्या लेन्समध्ये ती थेट अपवर्तनांकात शिरते. पत्र्यांमधलं अंतर २० मिमी धरलं तर तो ०.७० येतो. पत्रा जरा पोक आला आणि अंतर १९ झालं की ०.६६, २१ झालं की ०.७३. अंतर राखायला मध्ये थर्मोकोलचे तुकडे (स्पेसर) घातले तर ते दबतात, म्हणजे आज जुळवलेलं उद्या तसंच राहील याची खात्री नाही. मॉड्यूल बदलून १० गिगाहर्ट्झचं घेतलं, तरी पुन्हा ०.६६. शिवाय विद्युतक्षेत्र पत्र्यांना समांतरच हवं. मॉड्यूल ९० अंशांत फिरलं की लेन्स असून नसल्यासारखी. हा मिलिमीटरचा जाच माझ्या मते निर्णायक आहे.

एचडीपीईचा अपवर्तनांक १.५२, आणि वक्राच्या सूत्रात तरंगलांबी येतच नाही. फोकसपासून वक्रावरच्या बिंदूचं अंतर काढायला ०.५२ गुणिले फोकल लांबी या संख्येला (१.५२ गुणिले अक्षापासूनच्या कोनाची कोसाइन, वजा १) ने भागायचं. फोकल लांबी १५० मिमी घेतली तर मधला फुगवटा २९ मिमी. दर ५ मिमी त्रिज्येला खोली काढून पत्र्याचं टेम्पलेट कापा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला लेथवाला त्यावरून काढून देईल. लहरीच्या मार्गात तरंगलांबीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी चूक चालते, हा नियम लावला तर जाडीत ३.४ मिमीपर्यंत चूक चालते, तरी १ मिमीत राहावं. फुगीर बाजू मॉड्यूलकडे, सपाट बाहेर. काचेच्या भिंगाच्या सवयीने हे हमखास उलटं बसवलं जातं.

रॉड घेताना तुकडा पाण्यात टाका. पांढरं नायलॉन बुडतं, एचडीपीई तरंगतं. नायलॉनचा अपवर्तनांक वेगळा, आणि ते लहरही जास्त शोषतं. मेणाची लेन्स स्वस्त पडते, पण एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात गच्चीवर तिचा आकार टिकणं कठीण.

व्यास ६०० मिमीपर्यंत गेला तर मात्र पारडं फिरू शकतं: एचडीपीईचं वजन ६४ पट, म्हणजे पाव किलोची लेन्स १५ किलोच्या आसपास. पायऱ्या पाडून, म्हणजे जाडीचे ठरावीक टप्पे कापून, वजन उतरवता येतं, पण पायरी ५५ मिमीची, म्हणजे तरंगलांबी भागिले ०.५२, फ्रिक्वेन्सी बदलली की तीही चुकणार. तिथे पत्र्यांचा विचार करायला हरकत नाही, स्पेसर मात्र थर्मोकोलचे नकोत.