सेइशुन १८ किप्पु: वर्षभराच्या शनिवार-रविवारांचा हिशेब

'सेइशुन' म्हणजे तारुण्य आणि त्यापुढे १८ चा आकडा. नाव वाचूनच टोकियोत आल्यावर पहिलं वर्षभर मी या तिकिटाच्या वाटेला गेले नाही. चाळिशीच्या बाईला कॉलेजच्या पोरांचं तिकीट कोण देणार? मग ऑफिसातले एक सिनियर, निवृत्तीला टेकलेले, एकदा जेवताना म्हणाले की वयाची अटच नाहीये, ते स्वतः कॉलेजात होते तेव्हापासून घेतात. तिकीट सुरू झालं १९८२ साली, म्हणजे त्यांचा हिशेब जुळतो.

पुण्याहून दर फोनला एक प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही तिथेच राहता, मग तो रेल्वेचा पास तुम्हाला स्वस्तात मिळत असेल ना?" आहे बरोबर उलटं. जपान रेल पास तात्पुरत्या पाहुण्यांसाठी असतो, इथल्या निवासी व्हिसावर तो मिळत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून थेट ५०,००० वर गेला, त्यामुळे न मिळण्याची हळहळही संपली.

आमच्यासारख्यांना उरतं ते हे सेइशुन तिकीट. देशभरात जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, साध्या आणि जलद गाड्यांमध्ये दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नाही, एक्स्प्रेसही नाही. विकतात वर्षातून तीनदा, वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्याच्या सुट्ट्यांच्या सुमारास. मी पहिलं घेतलं जुलै २०२४ मध्ये, जुन्या नियमांचं. १२,०५० येनात पाच शिक्के, म्हणजे एका माणसाचा एक दिवस २,४१० येनांना. पाच दिवस एकट्याने वापरा नाहीतर एकाच दिवशी पाच जण जा, आणि दिवस सलग असायची सक्ती नाही. शनिवार-रविवारी फिरणाऱ्या नोकरदारासाठी यापेक्षा सोयीचं तिकीट मी पाहिलेलं नाही. आम्ही नवरा-बायको, म्हणून दोन-दोन शिक्क्यांच्या दोन सहली आणि उरलेला एक माझा.

एक गोष्ट आधी सांगते. आम्ही राहतो निशी-कासाईला. तिथे भाजणीपासून कढीपत्त्यापर्यंत काय हवं ते मिळतं, पण जेआर मिळत नाही. तोझाई लाइन मेट्रोची आहे, तिचे पैसे वेगळे. ओतेमाचीला उतरून भुयारातून टोकियो स्टेशनापर्यंत चालायचं आणि तिथे माणूस बसलेल्या दारातून शिक्का मारून आत जायचं. स्वयंचलित दारातून हे जुनं तिकीट जात नसे. पहाटेसुद्धा त्या दारापाशी पाच-सात जणांची रांग असायची आणि तीत तारुण्य असं फारसं दिसायचं नाही. सगळे टोपी, पाठपिशवी आणि छापील वेळापत्रक घेतलेले काका.

पहिली सहल ऑगस्टच्या उकाड्यातली, गुन्मा प्रांतातल्या दोआई स्टेशनाची. आधी ताकासाकी, मग मिनाकामी, आणि तिथून पुढे नागाओकाकडे जाणारी गाडी, जी दिवसातून मोजक्याच वेळा सुटते. दोआईचा उत्तरेकडे जाणारा फलाट १९६७ साली खणलेल्या शिन-शिमिझु बोगद्याच्या पोटात आहे. दार उघडलं आणि गारठा अंगावर आला. बाहेर पस्तीस अंश, इथे स्वेटर हवा. आम्हाला सोडून गाडी निघून गेली आणि बोगद्यात फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज राहिला. समोर जिना. सरळ, एकही वळण नाही, आणि वरच्या टोकाला उजेडाचा ठिपका पोस्टाच्या तिकिटाएवढा. ४६२ पायऱ्या, वर गेल्यावर आणखी २४, एकूण ४८६. नवरा म्हणाला, "पर्वतीच्या किती गं?" १०३. म्हणजे पावणेपाच पर्वत्या, त्याही मधे शेंगदाणेवाला नसलेल्या. दमलेल्यांसाठी वाटेत बाकडी आहेत, आम्ही दोनदा बसलो. जिन्याला लागून एक रुंद पट्टी रिकामी सोडलीय, सरकत्या जिन्यासाठी. तो कधी बसवलाच नाही. वर पोचल्यावर तिकीट तपासायला कुणीच नाही, स्टेशनावर कर्मचारीच नसतात.

परतीचा फलाट मात्र वर, जमिनीवर आहे. हे मला माहीत होतं. परतीची गाडी कधी आहे ते मात्र नीट बघितलं नव्हतं, आणि चूक सर्वस्वी माझी. आम्ही वर येऊन फोटो काढत होतो तेवढ्यात ती गेली. शेवटी तानिगावा डोंगराच्या रोपवेकडून येणाऱ्या बसने मिनाकामी गाठलं, बसचे पैसे अर्थातच वेगळे. तेव्हापासून नियम केलाय: जायची गाडी नंतर ठरवायची, परतीची आधी.

दुसरी सहल योकोकावाची, आणि वर्षभरातली माझी सगळ्यात लाडकी. ताकासाकीहून अर्ध्या तासाच्या या फाट्यावर रूळ संपतात. पूर्वी ते पुढे उसुई घाट चढून कारुइझावाला जात. घाट इतका उभा की १८९३ पासून १९६३ पर्यंत दोन रुळांच्या मधे दातेरी पट्टी टाकून गाड्या चढवल्या आणि नंतर ढकलायला खास इंजिनं लावली. चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला बोरघाट सदतिसास एक. नवरा बदलापूरचा, त्याला यापुढे काही समजवावं लागलं नाही. प्रत्येक गाडी इंजिन जोडायला योकोकावात थांबायची, आणि गाडी थांबली की माणसाला भूक लागते. कर्जतला बँकर, म्हणजे ढकलायचं इंजिन, लागेपर्यंत वडा, तसा इथे १९५८ पासून कामामेशी: मातीच्या घड्यात भात, वर चिकन, लावेपक्ष्याचं अंडं, शिताके, बांबूचे कोंब, चेस्टनट, एक जर्दाळू. १९९७ साली नागानोची शिंकानसेन आली, घाटातली लाइन बंद झाली, घडे मात्र अजून विकले जातात.

घाटातल्या जुन्या मार्गावर आता पायवाट आहे. बोगद्यांमधून चालत विटांच्या मेगाने-बाशी पुलापर्यंत जाता येतं. चार कमानी, ३१ मीटर उंची, १८९२ सालचं बांधकाम. पुलावर बसून नवऱ्याने कामामेशी खाल्ली आणि मी दशमी नि लसणीची चटणी. हो, शाकाहारी माणसाने जपानात साध्या गाड्यांनी फिरायचं तर डबा हवाच. छोट्या स्टेशनांवर दुकान नसतं, असलं तर त्यात ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा, असते. त्यातली उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, त्यातल्या त्यात बिनधास्त. कोम्बुची शेवाळाची म्हणून घ्यावी तर तिच्या मसाल्यात अनेकदा बोनिटो माशाचा अर्क असतो. सोबा नूडल्सचं पाणीही तसंच. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, आणि गाडीत वास येत नाही हे इथे महत्त्वाचं. चटणी मात्र गाडीतून उतरल्यावरच उघडायची.

तो रिकामा घडा मी धुऊन घरी आणला. त्यात दही असं लागतं, की विचारू नका.

पाचवा शिक्का मी एकटीने नागोयासाठी वापरला. २०२४ ची गणेश चतुर्थी शनिवारी, ७ सप्टेंबरला होती आणि तिकिटाची मुदत १० पर्यंत, म्हणजे बाप्पानेच जुळवून आणलेलं. मैत्रिणीच्या घरचा गणपती, मांडीवर तळणीच्या मोदकांचा डबा. टोकियो ते नागोया साधं भाडंच ६,३८० येन, माझे गेले २,४१०. वेळ गेला साडेसहा तास. नेबुकावाला डावीकडे सगळी सागामीची खाडी उघडते, तेवढ्यासाठी त्या बाजूला बसावं. पण खरा प्रसंग आतामीचा. इथे एका जेआर कंपनीची हद्द संपते आणि दुसरीची लागते. टोकियोहून आलेल्या लांबलचक गाडीतली माणसं पुढच्या तोकड्या गाडीत मावायची असतात. एरवी रांगेत एकामागे एक शांत उभे राहणारे जपानी लोक आतामीला पळतात! सत्तरीचे काका कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून पळताना मी पाहिलेत. दादरला घडलेल्या बाईला यात अडचण येण्याचं कारण नव्हतं. जागा मिळाली. शिझुओकाभर मात्र खिडकीला पाठ करून बसायचे लांब बाक, आणि हा प्रांत संपता संपत नाही. तोयोहाशीला जलद गाडी मिळाल्यावर सुटल्यासारखं झालं.

रविवारी संध्याकाळी परतताना सहावा शिक्का नव्हता आणि पाठीत जीव नव्हता. शिंकानसेन पकडली, अकरा हजार येन गेले. त्या एका सहलीत बचत वगैरे काही झाली नाही, हे कबूल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की हिवाळ्यापासून तिकीट बदलणार. आता ते सलग तीन दिवसांचं १०,००० येनांना किंवा सलग पाच दिवसांचं १२,०५० ला मिळतं, एकच माणूस वापरू शकतो. स्वयंचलित दारातून जातं, ही सोय झाली. पण आठवड्यात शनिवार-रविवार दोनच. तीन दिवसांच्या जोडसुट्ट्या असतात, पण हंगामाशी त्यांचा मेळ बसेलच असं नाही. त्या हिवाळ्याची मुदत संपली शुक्रवारी, १० जानेवारीला, आणि जोडसुट्टी सुरू झाली दुसऱ्या दिवशी. मी कॅलेंडर तीनदा पाहिलं.

वसंतात नेट लावून घेतलंच. गुरुवार २० मार्चची विषुवदिनाची सुट्टी, शुक्रवारची रजा आणि शनिवार. नवऱ्याला रजा मिळाली नाही, आणि तिकीट वाटून घेता येत नाही, म्हणून एकटी. पहिल्या दिवशी माझ्या आवडत्या कोफूच्या रस्त्याने मात्सुमोतो, तिथला काळा किल्ला. दुसऱ्या दिवशी किसोच्या खोऱ्यातून नाराई हे जुनं लाकडी घरांचं मुक्कामाचं गाव, रात्री नागोया, तिसऱ्या दिवशी तोकाइदो लाइनने घरी. सुरेख सहल, तक्रार नाही. पण ती रजा काढून केलेली सहल झाली, शनिवार-रविवारची नव्हे. दिवसाला ३,३३३ येन पडले ते वेगळंच.

मग कुणी घ्यावं? ज्याला सलग सुट्टी आहे, पाठ धड आहे आणि पोचण्याची घाई नाही, त्याने जरूर. विद्यार्थ्यांना तर हे वरदानच. दोघांनी एखाद्या शनिवारी बाहेर पडायचं असेल तर नको. त्यापेक्षा सुइका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्या आणि साधं भाडं भरा, तीन दिवस वसूल करायची टोचणी राहत नाही. शरद ऋतूत हे तिकीट नसतं, त्या वेळी ७,८५० येनांचा सलग तीन दिवसांचा वेगळा पास असतो, तो मी अजून वापरलेला नाही. जुन्या तिकिटाला मी पाचपैकी पाच दिले असते. नव्याला तीन, त्यातला अर्धा नाराईसाठी.

पुढच्या शनिवारी पुन्हा योकोकावा आहे, सुइकावर. विरजणाला एक घडा पुरत नाही.