समाजमंदिरातली फ्लूची लस : पाचपैकी चार तारे

आधी पैशांचं सांगते, कारण आमच्या गल्लीत पहिला प्रश्न तोच. गेल्या मेच्या शिबिरात इंजेक्शनचे १०० रुपये घेतले. मी जिथे पोळ्या करते त्या ताईंनी फ्लूचं इंजेक्शन त्यांच्या डॉक्टरांकडे घेतलं, त्यांना १८०० पडले. वरचे पैसे एक ट्रस्ट भरतो. नाव लिहीत नाही, पुण्यात आमच्या जनता वसाहतीत राहणाऱ्यांना कळेलच.

गरोदर बायका आणि बीपी-शुगरवाल्यांना सरकारी दवाखान्यात ही लस फुकट द्यायचं महाराष्ट्रात २०१५ पासून सुरू झालंय. सासूबाईंना शुगर आहे, वर दमा. त्यांना घेऊन एका दवाखान्यात दोनदा गेले. दोन्ही वेळा "लस संपलीय, पुढच्या आठवड्यात बघा". म्हणजे माझे दोन खाडे. एका घरी खाड्याचे पैसे कापतात, बाकीच्या तीन घरी तोंडं वाकडी होतात.

हे खाड्याचं मुद्दाम लिहितेय. आदल्या वर्षी हेच ट्रस्टवाले मंगळवारी सकाळी ११ वाजता आले होते. ११ वाजता वस्तीत असतं कोण? म्हातारी माणसं आणि रात्रीची उतरली नाही असे दोघं-तिघं. जेमतेम पंधरा इंजेक्शनं झाली आणि जाताना एक साहेब फोनवर म्हणाले, "इथल्या लोकांना लसीची भीती फार." मी नळावर हंडा भरत होते, ऐकलं. भीती नाही असं नाही. करोनानंतर कुणाच्याही छातीत कळ आली की आमच्याकडे आधी लशीवर खापर फोडतात. पण मधल्या गल्लीतल्या बायकांना भीती वाटायला त्या घरी तर असायला हव्यात!

गेल्या मे महिन्यात मात्र शनिवारी संध्याकाळी ७ ते १० ठेवलं. आशाताईंनी ट्रस्टवाल्यांना चांगलंच सुनावलं होतं, असं कळलं. रांग समाजमंदिरापासून पायऱ्या उतरून खालच्या नळापर्यंत. भाजीवाल्या, बांधकामावरचे गडी, रिक्षावाले, सगळे अंघोळ करून आलेले.

सिस्टर एक नंबर. सुरुवातीलाच उभं राहून बोलल्या, "हात दुखणार. कुणाला रात्री कणकण येईल, एक-दोन दिवसांत जाते. उद्या रविवार आहे म्हणूनच आज आलोय." आजवर जे जे आले ते "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं" म्हणून गेले आणि मग दुसऱ्या दिवशी लाटणं धरताना आम्हाला कळलं. ह्या बाईंनी खरं सांगितलं, म्हणून माझ्या पुढच्या दोघी थांबल्या. पेटी उघडून आतला बर्फ आणि थर्मामीटरही दाखवलं. २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, गरम झाली की वाया. प्रत्येकाची सुई वेगळी, सीलबंद, समोर फोडलेली.

डॉक्टर तरुण होते, न कंटाळता उत्तरं देत होते. लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, म्हणून मेमध्येच. माझ्या मागे एक रिक्षावाले दादा होते, त्यांनी विचारलं, "दरवर्षी का घ्यायची?" डॉक्टर म्हणाले, विषाणू बदलत राहतो, त्याप्रमाणे लस बदलावी लागते. दादा म्हणाले, "म्हणजे रिक्षाच्या आरटीओ पासिंगसारखं." डॉक्टरांना पासिंग कळलं नाही. आम्हाला मात्र लस कळली.

एका माळकरी आजींनी विचारलं, ह्यात अंडं आहे का हो? डॉक्टर "नाही" म्हणून मोकळे होऊ शकले असते. पण म्हणाले, "लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आजी. शेवटी अगदी कणभर अंश राहतो." आजी विचार करून येते म्हणाल्या आणि परतल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण खोटं बोलून टोचली असती तर पुढच्या वर्षी अख्खी माळकऱ्यांची गल्ली आली नसती.

मला २००९ आठवत होतं. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू झाला तो आपल्या पुण्यात. शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तोबा रांगा, मास्क मिळेनात. मी मुलाच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधली होती. तेव्हा दुसरं होतंच काय हातात?

आता तक्रारी. टोचल्यावर अर्धा तास बसायला सांगतात, ते बरोबरच आहे, पण खुर्च्या आठ! सासूबाई पायरीवर बसल्या, उठवताना दोघींना धरावं लागलं. कार्डावर सगळं इंग्रजीत. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो दारापेक्षा मोठा आणि वेळ खाली मुंगीच्या अक्षरात. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्या घरी जाऊ म्हणाले होते, गेले नाहीत. आमच्या शेजारच्या काकांना ऑक्सिजन लागतो, सगळ्यात आधी त्यांनाच मिळायला हवी होती. एक तारा मी तिथेच कापलाय.

गुण आला का, असं सगळे विचारतात. मला जुलैत सर्दी झालीच. प्रत्येक सर्दी काही फ्लू नसते आणि फ्लूसुद्धा लशीनं शंभर टक्के अडत नाही, पण झाला तर सहसा हलका जातो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सासूबाई आदल्या पावसाळ्यात चार रात्री ॲडमिट होत्या. ह्या वेळी खोकला झाला, पंप वाढवावा लागला, पण रात्री घरीच काढल्या. लशीमुळे की कसं, मी सांगू शकत नाही.

यंदा कधी आहे ते विचारून आले. मेचा तिसरा शनिवार. काकांचं नाव पहिलं लिहून घ्यायला लावलंय आणि चारही घरी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या रविवारी पोळ्या नाहीत.