सेकंड हँड गाडीची वॉरंटी : पैसे आधी, कागद नंतर

सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी घेताय आणि डीलर ‘इंजिन-गिअरबॉक्स सगळं कव्हर’ म्हणत एक्स्टेंडेड वॉरंटीचा आग्रह धरतोय, अशी वेळ आली असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. नाशिकमध्ये आमची अशाच वॉरंटीत फसवणूक झाली. डीलरचं आणि वॉरंटी कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सविस्तर सांगते, कारण ती दुसऱ्या नावाने दुसऱ्या शहरातही भेटू शकते.

गाडी बाबांसाठी घ्यायची होती. गुडघ्यांमुळे त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी गाडीच हवी होती. २०१८ची पेट्रोल गाडी, पहिलाच मालक, रनिंग ५२ हजार, किंमत ४ लाख ६० हजार. आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी चालवून पाहिली. इंजिन ठणठणीत म्हणाले. एएमटीबद्दल मात्र म्हणाले, “ताई, आज चांगली चालतेय. पण या गाडीत पुढे मोठा खर्च निघाला तर तो इथेच निघेल.”

डीलरकडच्या सेल्समनने नेमकं त्याच भीतीवर बोट ठेवलं. “मॅडम, एएमटी गेली तर पन्नास-साठ हजारांचा फटका बसतो. २१,५०० रुपयांत वर्षभर टेन्शन नाही. लोनमध्येच टाकून देतो, खिशातून काही जाणार नाही.” मी स्पष्ट विचारलं, एएमटी यात येते का? “गिअरबॉक्स म्हणजेच एएमटी ना मॅडम!” रात्री घरून हाच प्रश्न मी व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारला. ‘हो मॅडम, गिअरबॉक्स फुल कव्हर’ असं उत्तर आलं. तो मेसेज मी जपून ठेवला आहे आणि आज आमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

अटींचा कागद मागितला तर म्हणाले, तो पेमेंट झाल्यावरच सिस्टीममधून जनरेट होतो. हातात दिलं ते एक गुळगुळीत पत्रक. त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, एसी अशी चित्रं, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण आणि तळाशी ‘अटी लागू’.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला, फोटो झाले. त्याच गडबडीत तिथला मुलगा टॅब घेऊन आला : “काका, डिलिव्हरीचा ओटीपी आलाय बघा, सांगा.” बाबांनी सांगितला. तो एसएमएस इंग्रजीत होता आणि त्यात डिलिव्हरीचा उल्लेखही नव्हता. हा ओटीपी देऊन तुम्ही वॉरंटी योजनेच्या सर्व अटी वाचल्याचं व मान्य असल्याचं कळवत आहात, असा त्याचा मजकूर. अटी मात्र आल्या संध्याकाळी, ई-मेलवर. म्हणजे जो कागद अजून पाठवलेलाच नव्हता, तो वाचल्याची कबुली माझ्या वडिलांकडून काढून घेतली गेली. याला विसराळूपणा किंवा घाई म्हणायला मी तयार नाही, ही सरळ फसवणूक आहे. ई-मेलमधल्या करारातच लिहिलं होतं की भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

काही महिन्यांनी मुंबईहून परत येताना कसारा घाटात, चढावर, गाडीने गिअर सोडला. डॅशबोर्डवर ‘एन’ लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुरगुरायचं, पण चाकांना ओढच नाही. मागे कंटेनरची रांग. बाबांनी हँडब्रेक खेचून गाडी धरली, मी आईला उतरवून कठड्याच्या कडेला उभं केलं. क्रेन येईपर्यंत आम्ही तिघं कसे उभे होतो ते आठवलं की आजही हात थरथरतात.

करारातल्या अटीप्रमाणे गाडी नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. एएमटीचा ॲक्च्युएटर, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारा भाग, गेला होता आणि त्याच्यापायी क्लचही जळला होता. एस्टिमेट ५४ हजारांचं. क्लेम टाकला. उत्तर आलं : नामंजूर.

कारण समजून घ्यायचं तर एएमटी म्हणजे काय ते पाहावं लागतं. हे मला सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाने काढलेला भाग समोर ठेवून दाखवलं. दोन हातांत मावेल एवढा काळपट ॲल्युमिनियमचा ठोकळा, बाजूला पंपाची मोटर, वर तेलाची छोटी डबी, आणि सांध्यातून तेल पाझरून त्यावर धुळीचा चिकट थर बसलेला. एएमटी गाडीतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीसारखाच असतो. फरक एवढाच की क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आपल्या हातापायांऐवजी हा ठोकळा करतो, कंट्रोल युनिटच्या हुकमावर. आतली दातेरी चाकं तेलात बुडालेली असतात, ती सहसा लवकर जात नाहीत. त्रास देतो तो बाहेरचा ॲक्च्युएटर, त्याचे सेन्सर आणि क्लच.

करारातली ‘गिअरबॉक्स’ची व्याख्या काय? गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आतले, तेलात चालणारे यांत्रिक भाग. बस्स. वगळलेल्या भागांच्या यादीत बाहेरून बसवलेले सर्व इलेक्ट्रॉनिक व हायड्रॉलिक भाग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. म्हणजे जे सहसा बिघडत नाही त्याला संरक्षण, आणि ज्याच्या भीतीने आमच्याकडून पैसे घेतले ते संरक्षणाबाहेर. करार लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. गाडी एएमटी आहे हे तर कराराच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे.

डीलर म्हणाला, हा वॉरंटी कंपनीचा विषय. कंपनी म्हणाली, डीलरने तोंडी काय सांगितलं त्याला आम्ही जबाबदार नाही. ही कंपनी विमा कंपनीही नव्हती, त्यामुळे विमा लोकपालाकडे जाण्याचा रस्ता बंद.

मग मी तो करार ओळ न् ओळ वाचून काढला. क्लेम मंजूर झाला असता तरी एका क्लेमला कमाल ३० हजारच मिळणार होते. गिअरबॉक्स उघडून तपासायचा खर्च गाडीमालकाचा, आणि दोष कव्हरबाहेरचा निघाला तर तो पैसा गेलाच. मुदत टोकन दिल्याच्या तारखेपासून मोजलेली, गाडी मिळाल्यापासून नव्हे. सर्व्हिसला ठरल्यापेक्षा उशीर झाला तर वॉरंटी रद्द. ‘आधीपासून असलेला दोष’ वगळलेला. ज्या डीलरने गाडी निर्दोष असल्याचा तपासणी अहवाल दिला, त्यानेच विकलेल्या वॉरंटीत ही अट!

आणि लोनचं गणित. २१,५०० रुपये चार वर्षांच्या कर्जात १४ टक्क्यांनी घातले की फेडेपर्यंत साधारण २८,२०० होतात. वॉरंटी एका वर्षात संपते, तिचा हप्ता पुढे तीन वर्षं चालू राहतो.

म्हणजे वॉरंटी कधीच घेऊ नये का? असं मी म्हणणार नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीची मूळ किंवा वाढीव वॉरंटी शिल्लक असेल आणि ती नव्या मालकाच्या नावावर होत असेल, तर त्या गाडीला चार पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, वॉरंटी किती उरली आणि सर्व्हिस वेळेवर झाली का, हे बहुतेकदा तिथे कळतं. बाहेरच्या कंपनीची वॉरंटी असेल तर पूर्ण करार पैसे देण्याआधी मागा. पत्रक चालणार नाही. करारात पहिल्यांदा व्याख्या आणि वगळलेल्या भागांची यादी वाचा, ‘काय कव्हर आहे’ ते पान शेवटी. तुमच्या मॉडेलमध्ये महागाचा बिघाड कुठे होतो ते मेस्त्रीला विचारा आणि त्या भागाचं नाव घेऊन डीलरला लेखी प्रश्न करा : एएमटीला ॲक्च्युएटर, डिझेलला टर्बो आणि इंजेक्टर. उत्तर टाळलं किंवा कागद नंतर देतो म्हटलं, तर वॉरंटी घेऊ नका. तेवढीच रक्कम बँकेत वेगळी ठेवा, ती निदान कुणी नामंजूर करणार नाही. ओटीपी सांगण्याआधी एसएमएस पूर्ण वाचून घ्या, आणि घरातल्या मोठ्या माणसांना इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचून दाखवा.

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांच्यासाठी थोडं. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर डीलरने वॉरंटीची रक्कम परत करायची तयारी दाखवली, पण ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून मागितलं. आम्ही नकार दिला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नामंजुरीचं पत्र लेखी घ्या. सर्व्हिस सेंटरकडून जॉब कार्ड, एस्टिमेट आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. आमचा ॲक्च्युएटर पोत्यात गुंडाळून घरी ठेवला आहे.

दुरुस्ती आम्ही स्वतःच्या पैशाने करून घेतली. आयोगापुढे कंपनीचा सगळा भर त्या ओटीपीवर आहे. ओटीपी दिल्याची वेळ सकाळची आणि अटींचा ई-मेल आल्याची वेळ संध्याकाळची, या दोन्हींच्या प्रिंट आम्ही व्हॉट्सॲपच्या मेसेजसोबत दाखल केल्या आहेत. निकाल लागला की तोही इथे लिहीन.