नोकरी गेली तर आठवड्याला किती? कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीचा हिशेब

अमेरिकेत बेकारी भत्ता राज्यागणिक वेगळा असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या भावाचा आकडा ऐकून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या बहिणीने घरखर्चाची आखणी केली, तर ती फसणारच.

दोन्हीकडे पाहतात ती साधारण सव्वा ते दीड वर्षापूर्वीपासूनची चार तिमाहींची कमाई. कॅलिफोर्निया त्यातली फक्त सर्वांत जास्त कमाईची तिमाही उचलतं आणि तिला साधारण २६ ने भागतं. पण कमाल मर्यादा ४५० डॉलर, आणि ती कित्येक वर्षं हललेली नाही. न्यू जर्सी काम केलेल्या आठवड्यांची सरासरी मजुरी काढून तिचे ६० टक्के देतं. तिथली मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती ८७५ डॉलर होती.

समजा, महिन्याला ४,००० डॉलर पगार. म्हणजे तिमाहीला १२,०००. कॅलिफोर्नियाच्या भागाकारात ४६१ येतात, हातात ४५०च. न्यू जर्सीत आठवड्याचे ९२३, त्याचे ६० टक्के म्हणजे ५५३.

आता गंमत बघा. एका तिमाहीत ९,१०० आणि उरलेल्या तिन्हींत ३,९०० प्रत्येकी, काम मात्र वर्षभर. कॅलिफोर्नियात ३५० मिळतील, न्यू जर्सीत सरासरी ४०० वर येऊन जेमतेम २४०. हंगामी कमाईवाल्याला कॅलिफोर्नियाच बरं. स्थिर पगारदाराला माझ्या मते न्यू जर्सी. शिवाय तिथे अवलंबून असलेल्यांसाठी थोडी वाढही मिळते, अर्थात कमाल मर्यादेच्या आतच.

राज्याचा आयकर दोन्हीकडे नाही, केंद्राचा मात्र लागतो. आणि व्हिसा एकाच कंपनीला बांधलेला असेल, तर हे सगळं गणित बहुधा कागदावरच राहतं.